व्याकरणातील यादवी



आम्ही सातवीत शाळा सोडली. व्याकरण शिकलो ते पुढे, कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा आज लॅटिन व्याकरणावर बोलण्याचा आगाऊपणा आपण पोटात घालावा.

1511 साली इटलीतल्या क्रेमोना शहरी आंद्रेआ ग्वार्ना याचे ‘व्याकरणयुद्ध’ नावाचे लहानसे लॅटिन पुस्तक निघाले. इटलीत तेव्हा खरोखरीच्या लढाया पेटलेल्या होत्या. ग्वार्नाने लढाई नेली व्याकरणाच्या राज्यात. नामांचा राजा पोएटा, क्रियापदांचा राजा आमो. वाक्यात थोर कोण, यावरून दोघांत जुंपते आणि यादवी माजते. धातुसाधित बिचारे अर्धे नाम, अर्धे क्रियापद. त्याला दोन्ही पक्ष आपल्याकडे ओढतात. (असली धातुसाधिते आम्ही चळवळीतही पुष्कळ पाहिली!) लढाईत कुणाची विभक्ती तुटते, कुणाचा काळ कापला जातो. पोरे रडत पाठ करतात ते अपवाद म्हणजे या युद्धातले लुळेपांगळे. 1592 साली ऑक्सफर्डला याचे नाटक खुद्द एलिझाबेथ राणीपुढे झाले. राणीने रागवावे कशाला? भांडत होती ती नामे आणि क्रियापदे!

आपल्या महाडात जन्मलेले शिवरामपंत परांजपे हेही पंडितच, संस्कृतचे. 1898 साली त्यांनी ‘काळ’ काढला आणि अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती सरकारवर चालवली. वरून स्तुती, आत सुरी. सरकारला मात्र ती सुरी दिसली. 1908 साली राजद्रोहाबद्दल त्यांना 19 महिन्यांची शिक्षा झाली.

आता रोह्याची गोष्ट. एका कारखान्याच्या फळ्यावर नोटीस लागली, ‘खालील कामगारांना कमी करण्यात येत आहे.’ कोण करीत आहे? मॅनेजर म्हणाले, वरून आले. वरचे म्हणाले, परिस्थिती. आमच्यातल्या एका हेल्परने रात्रपाळीत खाली खडूने लिहिले, ‘वाक्यातील कर्ता ओळखा. गुण दहा.’ आठ दिवस भेदरलेली माणसे सकाळी प्रथमच हसली. दुपारी फळा पुसण्यात आला. त्यालाही कर्ता नव्हता!

बोलणीत आम्ही आधी एवढेच मागितले, की नोटिशीखाली नाव घाला, सही करा. तीन बैठका त्यातच गेल्या. सही झाली, मग त्या नावाशी भांडता आले. यादीतली निम्मी माणसे कामावर परतली. खडूवाला परतला नाही.