बांधली की सांधली?



मुलांच्या अतिदक्षता विभागात मी परिचारिका होते. तेथे एका आईने मला विचारलेला प्रश्न आज आपल्यापुढे मांडते.

नवजात बाळाचे हृदय व फुप्फुसे थकली, तर काही दिवस त्यांचे काम यंत्राकडून करून घेतात. त्याला ‘एक्मो’ म्हणतात. १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी या उपायाने पहिले नवजात बाळ वाचवले. बाळाच्या मानेतल्या उजव्या शिरेतून रक्त बाहेर घेतात आणि प्राणवायू मिसळून शेजारच्या रोहिणीतून परत सोडतात. हीच रोहिणी मेंदूलाही रक्त पुरवते.

यंत्र काढल्यावर तिचे काय करायचे? पूर्वी ती बहुधा बांधूनच टाकीत. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. त्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त इकडे येते, म्हणून बहुतेक बाळांचे निभावते. पण उजवी वाट जन्मभर बंद! म्हणून कित्येक शल्यविशारद ती बारीक टाक्यांनी सांधतात. सांधलेली रोहिणी पुष्कळदा वाहती राहते. क्वचित आकसते, गुठळी धरते. तेव्हा ती सोनोग्राफीने तपासत राहावे लागते.

घरी जाताना त्या आईने विचारले, “सिस्टर, बांधली की सांधली?” मला सांगता येईना. कागदावरही नोंद नव्हती! डॉक्टरांना विचारून मी लिहून दिले: ‘सांधली.’

भगिनींनो, आपल्या नात्यागोत्यात असे मूल असेल, तर ही एक ओळ अवश्य लिहून घ्या आणि जपून ठेवा. मूल मोठे झाल्यावर त्याच्या डॉक्टरांना ती लागेल.