शिष्यवृत्ती की नामांकित विद्यापीठ?
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल वर्षी पूर्वजांचे गुणवर्णन करावयास पुष्कळ वक्ते उभे राहतील. आम्ही मात्र आज आपल्या घरांत उपस्थित होणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी एक वाडीवाले दांपत्य दोन पत्रे घेऊन आमच्याकडे आले. एक अमेरिकेतील लहानशा कॉलेजचे. त्यात त्यांच्या कन्येस पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. दुसरे तेथीलच एका जगप्रसिद्ध विद्यापीठाचे. त्यात प्रवेश होता, परंतु साहाय्य कवडीचेही नव्हते. बाप म्हणाला, "मास्तर, वाडी गहाण ठेवतो, पण पोरीला मोठ्या ठिकाणीच धाडतो." आई काही बोलली नाही.

त्या वाडीवर धाकटी दोन लेकरे आणि वृद्ध आजी यांचाही निर्वाह होता. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. तो पाया घालण्यापूर्वी बसून खर्च मोजतो. आम्हीही कागद घेऊन बसलो. फी डॉलरांत भरावयाची, कर्ज फेडावयाचे रुपयांत. २०१४ साली डॉलरास सुमारे ६१ रुपये पडत. २०२४ च्या अखेरीस ८५ पडू लागले. म्हणजे पहिल्या वर्षाचा हिशेब चौथ्या वर्षी टिकेलच असा भरवसा नाही. शिवाय शिक्षण चालू असता बँक हप्ता मागत नसली, तरी व्याज चढतच राहते.

शिष्यवृत्तीचे पत्रही आम्ही दोनदा वाचले. 'पूर्ण' या शब्दात केवळ शिक्षणशुल्क येत होते; राहणे, जेवण, आरोग्यविमा आणि प्रवास बाहेरच होते. दरवर्षी ठराविक गुण राखण्याचीही अट होती. अटीवाचून शिष्यवृत्ती विरळाच. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे ते लंडनला शिकत असता तिची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, मित्रांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. थोर विद्यापीठाचे दार एकदाच उघडते, ही समजूत त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

आमचे मत त्या दांपत्यास आम्ही स्पष्ट सांगितले. मुलीच्या विषयाची प्रयोगशाळा किंवा अध्यापक केवळ मोठ्या विद्यापीठातच असतील, तर कर्जाचा विचार अवश्य करावा. केवळ नावाकरिता मात्र वाडी गहाण पडू नये. (लग्नमंडपात सोयरे काय विचारतील, ही धास्तीच पुष्कळदा कर्ज काढावयास लावते; हे येथे बसलेल्यांपैकी कित्येकांस ठाऊक आहे.) कर्जबाजारी पदवीधरास पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि त्या मुलीच्या मनात तर शिक्षिका होण्याचे होते. हे तिने आम्हांस सांगितले, तेव्हा बाप प्रथमच गप्प झाला.

मुलीने स्वतः लहान कॉलेजला पत्र लिहिले: गुण घसरले तर पुन्हा संधी मिळते काय, आणि वसतिगृहाच्या खर्चात सवलत आहे काय? तीन आठवड्यांनी उत्तर आले. गुण सुधारण्यास एका सत्राची मुदत मिळणार होती, आणि ग्रंथालयातील कामाच्या मोबदल्यात राहण्याचा काही खर्च सुटणार होता. उरलेली रक्कम बापाने मोजली, आईकडे पाहिले, आणि आमच्या मेजावरचा सातबारा उचलून पिशवीत घातला.