कप्तानाचा वाफसा



अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. तिथे संघाचा कारभारी, म्हणजे मॅनेजर, मैदानाबाहेर बाकावर बसून कोणी चेंडू टाकायचा, कोणाला बदलायचे हे ठरवतो. संघ हरत गेला की आधी नोकरी त्याची जाते. याला अपवाद कॉनी मॅक. या गृहस्थांनी 1901 ते 1950 अशी 50 वर्षे फिलाडेल्फियाचा संघ सांभाळला. कारकीर्दीत एकूण 3,731 सामने जिंकले आणि 3,948 हरले! तरी टिकले, कारण संघाच्या मालकीत त्यांचा वाटा होता. मालकाला काढणार कोण?

आपल्या क्रिकेटात हा कारभारी स्वतः मैदानात उभा असतो. अशा एका कारभाऱ्याची गोष्ट आज सांगतो. हा आमच्या बोरिवलीचा मुलगा, रोहित शर्मा. आजी-आजोबा आणि काकांकडे राहून तो शिकला. दिनेश लाड सरांनी त्याला फिरकी गोलंदाज म्हणून हेरले आणि आपल्या शाळेत यायला सांगितले. जुन्या शाळेची फी महिना 30 रुपये, नव्या शाळेची 275. घरच्यांना ते झेपेना. सरांनी शब्द टाकून फी माफ करून घेतली. पुढे त्याच्या हातची बॅट पाहिली आणि त्याला फलंदाजीला वर पाठवले. शिक्षकबंधूंनो, मुलाची जबाबदारी घेणे म्हणजे काय, ते त्याने तिथेच पाहिले असेल.

आता ऑक्टोबर 2024. बंगलोरला न्यूझीलंडशी कसोटी होती. पहिला दिवस पावसाने गेला, खेळपट्टी झाकलेली. दुसऱ्या दिवशी रोहितने नाणेफेक जिंकली आणि फलंदाजी घेतली. शेतकरीबंधूंना वेगळे सांगायला नको. वाफसा न बघता पेरणी केली की काय होते! सारा संघ 46 धावांत बाद. भारताची मायदेशातली ही सर्वांत कमी धावसंख्या.

त्या दिवशी संध्याकाळी वार्ताहरांपुढे कोणाही फलंदाजाला पाठवता आले असते. रोहित स्वतः गेला. खेळपट्टी ओळखण्यात माझी चूक झाली, असे त्याने सांगितले. पावसाचे नाव पुढे केले नाही.

मी मास्तरकी केलेला माणूस. आमचा कबड्डीचा संघ हरला की मी पंचांना नावे ठेवीत असे. मुलेही तेच शिकली. पुढे गणितात नापास झाली की पेपर कठीण होता म्हणत. दोष कुणाला देणार?

पण कबुली दिली म्हणून पुढचे सामने काही जिंकता आले नाहीत. पुण्यात हरलो, मग मुंबईत वानखेडेवर 25 धावांनी हरलो. मायदेशी तीन कसोटींच्या मालिकेत तिन्ही सामने हरण्याची भारतावर ही पहिलीच वेळ. कर्णधार म्हणून पूर्ण जबाबदारी माझी, असे रोहितने तेव्हाही म्हटले. बोलणे एक वेळ सोपे असते. खरी परीक्षा पुढेच होती.

ऑस्ट्रेलियात तीन कसोटींच्या पाच डावांत त्याच्या धावा किती? 3, 6, 10, 3 आणि 9. एकूण 31. दुसरा एखादा खेळाडू असता तर कर्णधाराने त्याला वगळलेच असते. जानेवारी 2025 मध्ये सिडनीच्या कसोटीत रोहितने तोच नियम स्वतःला लावला. आपण लयीत नाही म्हणून तो बाहेर बसला. नेतृत्व बुमराहकडे गेले. हे त्याने आधीच करायला हवे होते, असे म्हणणारे होते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. तोही सामना भारत हरलाच.

मार्चमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला. मे महिन्यात त्याने कसोटी सोडली. ऑक्टोबरमध्ये एकदिवसीय संघाचे कर्णधारपद त्याच्याहून 12 वर्षांनी लहान शुभमन गिलकडे दिले गेले. रोहित त्याच्या हाताखाली खेळायला पुन्हा ऑस्ट्रेलियात गेला. 25 ऑक्टोबर 2025 रोजी, दहा महिन्यांपूर्वी जिथे बाहेर बसला होता त्याच सिडनीच्या मैदानावर, तो नाबाद 121 धावा करून परतला.