शेवटच्या पंधरा मिनिटांची मशागत
(दिघी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जुलै 2022 मध्ये लंडनचा टॉटनहॅम हा फुटबॉल संघ हंगामपूर्व दौऱ्यासाठी सोलला गेला होता. हवा आपल्याकडच्या मे महिन्यासारखी दमट. लांबलचक सराव आटोपला आणि त्यानंतर खेळाडूंना मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बेचाळीस वेळा पळवण्यात आले. इंग्लंडचा कर्णधार हॅरी केन ओकला. कोरियाचा लाडका सॉन ह्युंग-मिन आपल्याच लोकांसमोर गवतावर आडवा झाला. हे करवून घेणारा माणूस होता जियानपिएरो व्हेंट्रोने, संघाचा कंडिशनिंग कोच. पुढे तीन महिन्यांच्या आत, 6 ऑक्टोबरला, तो नेपल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. दोनच दिवसांनी ब्रायटनविरुद्ध केनने एकमेव गोल केला आणि तो विजय व्हेंट्रोनेला अर्पण झाला.

ज्याने ओकेपर्यंत पळवले त्याच्याविषयी खेळाडूंना एवढी माया का वाटावी? खेळाडूंच्या शरीराची मशागत करणाऱ्या या पेशाविषयी आज बोलायचे आहे, ते या प्रश्नाच्या आधाराने.

व्हेंट्रोनेचे नाव झाले युव्हेंटसमध्ये. 1994 मध्ये मार्चेल्लो लिप्पी तिथे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघाने इटलीची लीग जिंकली आणि 1996 मध्ये रोमला आयाक्सला हरवून युरोपचा चषक घेतला. त्या संघाच्या दमसासाची जबाबदारी व्हेंट्रोनेकडे होती. त्याला ‘मरीन’ म्हणत. सरावात ज्याने हात टेकले त्याने घंटा वाजवायची, अशी त्याची रीत असल्याचे सांगतात. त्या संघातला अंतोनिओ कोन्ते पुढे स्वतः प्रशिक्षक झाला आणि टॉटनहॅमची सूत्रे हाती येताच त्याने बोलावून घेतले ते व्हेंट्रोनेलाच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने आपल्याला रडवले त्याला आपल्या पोरांना रडवायला बोलवायचे! वस्तादाविषयीचा असा विश्वास मराठी माणसाला नवा नाही.

पण मंडळी, घंटा आणि ओकाऱ्या या गोष्टी बातमीत शोभतात. पेशाचे मर्म तिथे नाही. ते समजून घ्यायला डेन्मार्कच्या येन्स बांग्स्बो यांच्याकडे जावे लागेल. हे कोपनहेगन विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः फुटबॉल खेळलेले, 2001 ते 2004 या काळात युव्हेंटसच्या प्रशिक्षकवर्गात. आपल्या क्रिकेटपटूंची झोप उडवणारी यो-यो टेस्ट यांचीच. वीस मीटर जायचे, वीस मीटर यायचे, दहा सेकंद दम घ्यायचा, पुन्हा निघायचे, आणि दर टप्प्याला वेग वाढत जातो. त्या दहा सेकंदांकडे लक्ष द्या. किती पळालात याबरोबरच दोन धावांमध्ये किती लवकर सावरलात, हे ती चाचणी विचारते.

कारण फुटबॉल म्हणजे सलग पळणे नव्हे. खेळाडू एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातले बरेचसे चालत किंवा हळू धावत. निकाल लागतो तो मधल्या दोन-चार सेकंदांच्या झपाट्यांत. बांग्स्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अव्वल दर्जाच्या आणि मध्यम दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूंची तुलना प्रसिद्ध केली. अव्वल खेळाडू वेगाची धाव 28 टक्के जास्त धावत होते. आणि दुसरा निष्कर्ष अधिक बोलका: पहिल्या पंधरा मिनिटांच्या तुलनेत शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांचीच वेगवान धाव 35 ते 45 टक्क्यांनी घटत होती. अव्वल असोत की मध्यम, थकतात सगळेच. ही घट थोडी कमी करणे, एवढेच कंडिशनिंग कोचचे काम. पण ते ‘एवढेच’ केवढे मोठे असते, ते 18 जून 2002 रोजी जगाने पाहिले.

त्या दिवशी विश्वचषकात दक्षिण कोरिया इटलीविरुद्ध एका गोलने मागे होता. 88व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि जादा वेळेत, 117व्या मिनिटाला आन जुंग-ह्वानने विजयी गोल केला. संघाचा प्रशिक्षक डच होता, गस हिडिंक, आणि त्याच्या मदतीला रेमंड व्हरहायेन हा डच कंडिशनिंगतज्ज्ञ होता. व्हरहायेनचे म्हणणे व्हेंट्रोनेच्या अगदी उलट. थकलेल्या शरीरावर आणखी थकवा लादू नका, दुखापती तिथेच होतात. दम वाढवायचा तर चेंडूसह, खेळातूनच वाढवा, आणि विश्रांती वेळापत्रकात लिहून ठेवा. म्हणजे दोन घराणी झाली. तरी दोघांचा हिशेब एकाच जागी जुळतो: शेवटी खेळाडूजवळ काय शिल्लक राहिले? माझ्या मते या पेशाची कसोटी सरावात गळालेल्या घामावर लागत नाही. सामना संपत आला असताना पायांत किती झपाटे उरले आहेत, त्यावर लागते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशांतर्गत स्पर्धांतले सामने अनेक दशके नव्वद नव्हे, सत्तर मिनिटांचे असत. ज्या वीस मिनिटांत जगातले सामने फिरतात, ती आपल्या खेळाडूंच्या अंगवळणीच पडली नव्हती. पुढे राष्ट्रीय संघाबरोबर कंडिशनिंग कोच दिसू लागले. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांच्या काळात डॅनी डायगन हे काम पाहत. जानेवारी 2019 मध्ये आशिया चषकात आपण थायलंडला 4-1 हरवले, त्यातले तीन गोल उत्तरार्धात झाले. त्याच स्पर्धेत बहारीनशी बरोबरी पुरेशी असताना भरपाईच्या वेळेत आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली, तिच्यावर गोल झाला आणि आपण बाहेर पडलो. एका पेनल्टीवरून सिद्धान्त मांडू नये, पण शेवटच्या मिनिटांचे मोल कळायला ती पुरेशी आहे.

महाराष्ट्रात या विद्येला जमीन तयार आहे. कोल्हापूरचा फुटबॉल पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हे तिथले नामांकित संघ. लाल मातीच्या संस्कृतीतून हे संघ उभे राहिले आणि शाहू स्टेडियमवर पेठांच्या ईर्षेने खेळतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. जोर, बैठका, खुराक, वस्तादाचा धाक, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. पण मल्लाची मेहनत जशीच्या तशी फुटबॉलपटूला देऊन भागत नाही. त्याला हवी पुन्हा पुन्हा झेपावून झटकन सावरण्याची तयारी.

इथे बसलेल्या तरुणांना आता चार गोष्टी सांगतो. दिघीला यंत्रांची जिम नसली तरी अडत नाही.

पहिली गोष्ट हवेची. घाम आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून उन्हातला सराव मर्दुमकी ठरत नाही. सकाळी लवकर उरका. सुट्टीवरून आलात तर अंगाला उकाड्याची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस द्या. पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या. मीठ घातलेले कोकम सरबत घरात आहेच.

दुसरी वाळूची. मऊ वाळूत पळायला कठीण जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते, आणि पायाला दणका कमी बसतो. म्हणून दिवेआगरच्या किनाऱ्यावर थोडे पळणेही पुष्कळ. पण किनारा उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो. तेव्हा जितके जाल तितके त्याच वाटेने परत या.

तिसरी मांडीच्या मागच्या स्नायूची. गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदाराला घोटे धरू द्या आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका. हा नॉर्डिक व्यायाम नेमाने करणाऱ्या संघांत त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे अभ्यासांत दिसले आहे. खर्च शून्य.

चौथी गोष्ट पोरांना नव्हे, त्यांना शिकवणाऱ्यांना. वही ठेवा. कोण किती झोपला, कोणाचे काय दुखते, काल किती पळाला, हे लिहा. ज्याला हे माहीत नाही त्याने शिक्षा म्हणून कोणालाही फेऱ्या मारायला लावू नयेत. सोलच्या बेचाळीस फेऱ्यांची नक्कल करायला अक्कल लागत नाही. त्या फेऱ्यांमागे डॉक्टर, मोजमापे आणि तीसेक वर्षांचा अनुभव उभा होता, आणि तरीही त्या योग्य होत्या का यावर जाणकारांत वाद होऊ शकतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर. खेळाडू माया करतात ती दमवणाऱ्यावर नाही. आपल्या शरीराचा हिशेब आपल्याहून बारकाईने ठेवणारे कोणीतरी आहे, ही खात्री त्यांना बांधून ठेवते. ही खात्री पोरांना देईल असा एक माणूस प्रत्येक गावच्या मैदानाला मिळाला, तर आपल्याकडे खेळाडू लवकर दिसतील आणि उशिरापर्यंत टिकतील. तो माणूस या सभेतून पुढे यावा, एवढे सांगून मी थांबतो.