पापणीवर पुन्हा पुन्हा येणारी गाठ



रांजणवाडी झाली की आपण गरम फडक्यानं शेकतो आणि बहुतेकदा ती काही दिवसांत बसते. पण साठीपुढच्या माणसाच्या पापणीवर, त्याच जागी गाठ पुन्हा आली, तर तिला रांजणवाडी म्हणून सोडून देऊ नका.

आपल्या पापण्यांत तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथींची रांग असते. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं. त्यांच्यापासून होणारा कर्करोग म्हणजे सिबेशियस कार्सिनोमा. पाश्चात्त्य देशांत तो फार विरळा. भारतात मात्र पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा आहे. या ग्रंथी वरच्या पापणीत जास्त, म्हणून हा रोगही तिथेच अधिक दिसतो.

ही गाठ सहसा दुखत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. घरातल्या कुणीतरी उजेडात नीट बघावं. गाठीला पिवळसर झाक आहे का? तेवढ्याच जागेचे पापणीचे केस झडलेत का? कधी गाठ दिसतही नाही. एकच डोळा लाल राहतो, पापणी जाड होते आणि थेंब घालूनही गुण येत नाही. यातलं काहीही आढळलं, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ते कानापुढच्या आणि मानेतल्या गाठीही चाचपून पाहतील, कारण रोग पसरला तर बहुधा आधी तिथे पोचतो.

निदान होतं ते बायोप्सीनं, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून. या कर्करोगाच्या पेशींत तेलाचे थेंब असतात. नेहमीच्या प्रक्रियेत ते विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेसाळ, पोकळ दिसतात. त्यातून ओळख चुकू शकते, म्हणून संशय असेल तर डॉक्टरांनी तो तपासणीच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावा. मग पॅथॉलॉजिस्ट खास चाचण्या लावू शकतो. शिवाय या पेशी गाठीपासून दूर, पापणीच्या आतल्या पातळ पडद्यातही पसरतात. त्यामुळे गरज पडल्यास अनेक ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात.

माझी कळकळीची विनंती एवढीच: पुन्हा आलेली गाठ खरवडून काढली, तर ती फेकली जाऊ देऊ नका. फॉर्मॅलिनच्या बाटलीतून ती तपासणीला गेली का, हे आवर्जून विचारा. रोग लहान असताना कळला, तर गाठ मुळासकट काढून पापणी पुन्हा घडवता येते. उशीर झाला, तर कधी अख्खा डोळा काढावा लागतो, कधी जीवही धोक्यात येतो. आई-वडिलांसाठी एवढा एक प्रश्न विचारायला संकोचू नका.