वाहत्या पाण्यावरची जोखीम



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला, म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता नाहीतर टाळेबंदी यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज राफ्टिंगवर, म्हणजे खळाळत्या नदीतून रबरी तराफ्यात बसून जाण्याच्या खेळावर बोलणार आहोत. विषय ऐकून आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले, "दादा, हा पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ, त्याच्याशी आपला काय संबंध?" संबंध असा की, तराफ्यात आठ माणसे बसली असतील, तर सात जण गंमत करायला आलेले असतात आणि आठवा कामावर असतो. तो मागे बसतो, वल्ह्याने तराफ्याला दिशा देतो आणि सातांच्या जिवाची जोखीम घेतो. त्याला गाइड म्हणतात. जिथे काम आहे आणि कामावर जीव जाऊ शकतो, तिथे आमचा संबंध येतोच.

आता आपल्याकडची नदी पाहू. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेवर सुमारे १२ किलोमीटरची फेरी होते. कोकणातल्या इतर नद्यांसारखी ही नदी असती, तर पावसाळा सरल्यावर तीत तराफा चालण्याजोगे पाणी राहिलेच नसते. पण हिच्यात मुळशीचे पाणी येते. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, त्याच धरणाचे हे पाणी. ते सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे भिऱ्याच्या वीजघरात पडते, तिथली चाके फिरवते आणि मग कुंडलिकेला मिळते. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. ज्या पाण्याने मावळातली गावे बुडवली, त्याच पाण्यावर आज खाली कोकणातल्या गावांतली पोरे पोट भरतात. इतिहासाचे हे वळण आम्हांला नेहमी अस्वस्थ करते. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

सांगायचे ते हे की, इथे नदीला घड्याळ आहे. सकाळी पाणी सुटते, त्याच्या पाठीवर तराफे निघतात आणि पाणी बंद झाले की काही तासांत धार ओसरते. हे घड्याळ गाइडच्या हातात नाही, राफ्टिंगच्या मालकाच्याही हातात नाही. म्हणून सुरक्षिततेचा पहिला प्रश्न हेल्मेटचा नव्हे. पाणी सोडणारा आणि पाण्यात उतरणारा यांचे एकमेकांशी बोलणे चालू आहे की नाही, हा पहिला प्रश्न. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी खडकांवर उभे राहून फोटो काढत होते. वर लारजी प्रकल्पाचे पाणी सुटले. २४ विद्यार्थी वाहून गेले आणि त्यांच्याबरोबरचा सहलीचा माणूसही गेला. ते राफ्टिंग करीत नव्हते, पाण्यात पोहतही नव्हते. पुढे २०१६ साली तिथल्या हायकोर्टाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या कुटुंबाला २० लाखांची भरपाई ठरवली आणि तो बोजा वीज मंडळ, कॉलेज आणि सरकार यांच्यांत वाटून टाकला. हा निकाल आम्हांला महत्त्वाचा वाटतो. अपघाताला एकच हात कारण नसतो, जबाबदारीची वाटणी करता येते आणि ती रुपयांत मोजता येते, हे त्यात दिसते.

आता थोडे पाण्याविषयी. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. हे गाइड मंडळींकडून आणि पुस्तकांतून उमजले. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. त्याचा वेग दुप्पट झाला की अडथळ्यावरचा जोर चौपट होतो. म्हणून काल मांडीभर पाण्यात सुखाने उभा राहिलेला माणूस आज गुडघाभर पाण्यात आडवा होतो. नदीत पडलेल्याला पहिली बुद्धी होते ती उभे राहण्याची, आणि तीच घातक. पाय दोन खडकांच्या फटीत अडकतो, मागून धार ढकलते, माणूस पुढे वाकतो आणि कमरेएवढ्या पाण्यात बुडतो. अंगातले जॅकेट अशा वेळी कामी येत नाही. म्हणून गाइड सांगतो, "पडलात तर पाठीवर उताणे व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा." खडक आला तर तो पायांवर यावा, डोक्यावर नव्हे. दुसरा धोका पडलेल्या झाडांचा. फांद्यांतून पाणी गाळून निघते, माणूस मागे राहतो. तिसरा धोका बुटक्या बंधाऱ्यांचा. वरून ते निरुपद्रवी दिसतात, पण त्यांच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरते आणि आत सापडलेल्या वस्तूला बाहेर सोडत नाही. खळाळांना एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय प्रत आहे. सहावीत धंद्याचा तराफा न्यायचाच नसतो. पण ही प्रत खडकावर कोरलेली नसते. पाणी वाढले की तोच खळाळ वरची इयत्ता गाठतो, आणि कधी पाणी उतरले म्हणजे उघडे पडलेले खडक जास्त त्रास देतात.

साधनांचे थोडक्यात सांगतो. जॅकेटचे पट्टे इतके घट्ट हवेत की, कोणी खांद्याला धरून वर ओढले तर ते हनुवटीवर चढू नये. आतला फेस उन्हाने आणि दाबाने निकामी होत जातो; वरून रंगीत दिसणारे जॅकेट आतून म्हातारे झालेले असते. वल्ह्याच्या टोकाच्या मुठीवरून हात सोडायचा नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात. गाइडपाशी पिशवीत भरलेली पंधरा-वीस मीटरची दोरी हवी, आणि ती झटकन फेकता येण्याचा सराव हवा. सुटकेचा क्रमही ठरलेला आहे. आधी हाक, मग वल्हे पुढे करणे, मग दोरी, मग नाव, आणि सर्वांत शेवटी स्वतः उडी. आपल्या सिनेमांत हा क्रम बरोबर उलटा असतो! आणखी एक. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप हे हुकूम इंग्रजीत दिले जातात. तराफ्यात एखादी काकू बसली असेल तर तिला "पुढे मारा, मागे मारा, थांबा" असे एकदा मराठीतही सांगावे. घाबरलेल्या माणसाला मातृभाषाच लवकर कळते.

इथवरचे सारे कोणत्याही माहितीपत्रकात सापडेल. ते पाळले का जात नाही, याचे उत्तर तिथे सापडत नाही. ते आमच्या अनुभवात आहे. पॉवर प्रेसवर दोन बटणे असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे बोटे आत राहायची नाहीत. आम्ही तरुणपणी एका कारखान्यात पाहिले आहे, एक बटण पट्टीने दाबून बांधलेले असे. एका हाताने माल सरकवायचा, दुसऱ्याने बटण. नग जास्त निघत. बोटे गेली की चौकशीत लिहिले जाई, "कामगाराचा निष्काळजीपणा." पट्टी कोणाच्या सोयीसाठी बांधली, हे कोणी लिहीत नसे. १९३१ साली अमेरिकेत एका विमा कंपनीतल्या हाइनरिक नावाच्या गृहस्थाने शंभरातले ८८ अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात असे लिहिले, आणि तो आकडा आजही सुरक्षिततेच्या वर्गांत फळ्यावर लिहिला जातो. त्याचा आधार मुख्यतः विमा कंपन्यांची आणि मालकांची कागदपत्रे होती. कामगाराला विचारून तो आकडा निघालेला नाही. मात्र त्याच गृहस्थाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही मानतो. मोठ्या अपघातामागे बिनदुखापतीच्या पुष्कळ घटना घडून गेलेल्या असतात. तराफा उलटला, सगळे हसत बाहेर आले, फोटो निघाले, ही तसलीच घटना. तिची वहीत नोंद हवी. ही वही आम्ही क्वचितच पाहिली.

नदीवर बटणाला बांधलेली पट्टी कोणती? फेरीमागे मजुरी. रोहे-धाटावच्या कारखान्यांत संघटनेच्या कामासाठी जाता-येता ही नदीवरची पोरे आम्हांला भेटत गेली. पुष्कळांना फेरी झाली तर पैसे, नाही झाली तर घरी. आता सांगा, सकाळी पाणी नेहमीपेक्षा जोरात दिसले, तर "आज नको" असे तो पोरगा कोणत्या तोंडाने म्हणेल? म्हटले तर त्याचा दिवस बुडतो, मालकाचा बुडतो, आणि मुंबईहून पहाटे निघालेले गिऱ्हाईक पैसे परत मागते. तिघांचीही ओढ एकाच दिशेला, नदीच्या दिशेला. शनिवार-रविवारी गर्दी असली की सूचना सांगण्याची पंधरा मिनिटे पाचांवर येतात. त्यातल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब फेऱ्यांच्या संख्येत लागलेला असतो.

कायदा काय करतो? गंगेवर ऋषीकेशच्या वर शिवपुरी भागात हा धंदा फार मोठा आहे. तिथे पावसाळ्यात राफ्टिंग बंद ठेवतात. जून २०१८ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टाने नियम होईपर्यंत राफ्टिंग थांबवण्याचा हुकूम दिला. आपल्या सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि नोंदणी सांगितली. या गोष्टी चांगल्या आहेत. पण नोंदणीचा कागद कार्यालयाच्या भिंतीवर असतो आणि निर्णय पाण्याच्या काठावर होतो. काठावर सरकारी माणूस नसतो, गाइड असतो.

मग गिऱ्हाइकापुढे एक फॉर्म येतो, "जे होईल त्याला मी जबाबदार." श्रोतेहो, तुमच्यांतले कित्येक त्यावर न वाचता सही करून आले असतील. त्या सहीने मालकाची काळजी घेण्याची जबाबदारी पुसली जाते असे मानू नका. पण त्या फॉर्मात गाइडचे नावच नसते, त्याच्या विम्याची ओळ नसते. १९२३ साली आपल्या देशात कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याला शंभर वर्षे उलटली. तरीही नदीवरच्या पोराला, "तू आमचा कामगार नव्हेस, फेरीपुरता आलेला," असे सांगितले जाते.

यंदा सुट्टीत तुमची मुले जातील. जाऊ द्या. नदीत उतरल्याखेरीज नदी कळत नाही, आणि भित्री पिढी आम्हांलाही नको. मात्र पैसे भरताना दर आणि जेवणात काय आहे एवढेच विचारून थांबू नका. बरोबर सुटकेची कायाक किंवा दुसरा तराफा असणार का, गाइडने प्रथमोपचार आणि नदीतल्या सुटकेचे शिक्षण घेतले आहे का, आणि आजची त्याची ही कितवी फेरी, हे विचारा. मालकाने कपाळाला आठ्या घातल्या तर तेही उत्तरच समजा. फेरी रद्द झाली तर पैशासाठी त्या पोराशी हुज्जत घालू नका, कारण त्या दिवशी त्याने तुमच्या मुलासाठी आपली मजुरी सोडलेली असते.

आमच्या मंडळींनी मागण्यांचा जो कच्चा खर्डा केला आहे, त्यातले पहिले कलम वाचून दाखवतो. पाण्याची स्थिती पाहून गाइडने फेरी नाकारली, तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी त्याला मिळेल, आणि नाकारल्याबद्दल पुढच्या फेऱ्यांतून त्याचे नाव वगळले जाणार नाही. दुसरे कलम विम्याचे आहे, तिसरे वहीचे. पहिल्या कलमावर मालकांशी अजून बोलणे व्हायचे आहे.