पदवी आहे, पण मत आहे का?



१८ नोव्हेंबर १९६२. लडाखमध्ये रेझांग ला इथं मेजर शैतानसिंग आणि त्यांची १३ कुमाऊंची चार्ली कंपनी शेवटपर्यंत लढली. ही तारीख आम्हा फौजींना पाठ असते. त्याच दिवशी कोल्हापुरात राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. माझ्या पदवीवर याच विद्यापीठाचं नाव आहे. पण ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली.

निमित्त झालं शेजारच्या मुलीचं. तिचं विद्यापीठ वेगळं. निकाल अडकला होता. म्हणाली, "काका, विचारायचं कुणाला?" मला सांगता येईना. म्हणून वाचायला बसलो.

आपल्याकडे ही व्यवस्था १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला सुरू झाली. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पुढे १९४९ला पुणे, १९५८ला मराठवाडा, १९६२ला कोल्हापूर. विद्यापीठ हळूहळू खेड्यातल्या पोरांच्या जवळ आलं.

आता रचना बघा. राज्यपाल हे कुलपती. रोजची कमान कुलगुरूंच्या हातात. कारभार व्यवस्थापन परिषद बघते, शिक्षणाचा दर्जा विद्या परिषद, आणि अभ्यासक्रम अभ्यास मंडळं ठरवतात. इथवर फौजेसारखंच वाटतं. पण फौजेत नसलेली एक गोष्ट इथं आहे, ती म्हणजे अधिसभा. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्याप्रमाणे तिच्यातल्या १० जागा नोंदणीकृत पदवीधर निवडून देतात. वार्षिक अहवाल, हिशेब तिथं मांडले जातात. तिथं उभं राहून प्रश्न विचारता येतो.

गोम एकच आहे. पदवी मिळाली म्हणून आपण आपोआप मतदार होत नाही. अर्ज करून नाव नोंदवावं लागतं.

नोकरीत असताना जवानांनी टपाली मतदान करावं म्हणून मी मागे लागायचो. आणि स्वतःचं हे मत? चाळीस वर्षं मी त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती. तेव्हा त्या मुलीला उत्तर देता आलं नाही, यात चूक माझीही होती.

तुम्ही देशात कुठंही असा, आपापल्या विद्यापीठाचा कायदा काढून वाचा. राज्य बदललं की नियम बदलतात. पण आपली जागा कुठं आहे, हे आधी शोधा. कपाटातली पदवी आजच बाहेर काढा.

जय हिंद.